वाढत्या अंगाचं माप

मे महिना संपत आला की आमचं दुकान निळं व्हायचं. बार्शीच्या पेठेत अण्णांचं शिलाईचं दुकान होतं, जेमतेम दहा बाय बाराचं. एरवी तिथे लग्नसराईचे सफारी, म्हाताऱ्यांचे नेहरू शर्ट, कुणाची मांडीत उसवलेली पँट असा मिसळीचा कारभार. जून जवळ आला की मात्र एका भिंतीला निळ्या कापडाचे तागे, दुसरीला पांढरं टेरिकॉट, आणि मशीनच्या पायाशी खाकीचा ढीग. आमच्याकडे मास्तर दोघांना म्हणत, शाळेत शिकवणाऱ्याला आणि कपडे शिवणाऱ्याला. जूनमध्ये दोघांचंही गिऱ्हाईक एकच असे.

अण्णा टेपने माप घ्यायचे आणि मी वहीत लिहायचे. उंची, छाती, कंबर, बाही, गळा. पोरगं छाती फुगवून उभं राहिलं की अण्णा त्याच्या पोटात हळूच बोट खुपसायचे. श्वास सुटला की खरं माप मिळायचं. मागे उभ्या असलेल्या आईचं नाहीतर बापाचं वाक्य ठरलेलं : ‘मास्तर, जरा वाढत्या अंगाचं शिवा. दोन वर्सं तरी जाऊ द्या.’

त्यामुळे आमच्या गावातली पाचवीची सगळी पोरं जूनमध्ये आपल्या थोरल्या भावाच्या कपड्यांत शिरल्यासारखी दिसत. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, हाफपँट गुडघ्याच्या खाली, कंबरेला चार चुण्या पडून करदोट्यावर कशीबशी टेकलेली. दिवाळीपर्यंत ते कपडे अंगाला येत आणि पुढच्या जूनमध्ये आखूड होत. अण्णांनी खालच्या दुमडीत तीन बोटं कापड मारून ठेवलेलं असे. आई घरीच ब्लेडने टीप उसवायची, दुमड सोडायची, इस्त्री फिरवायची. मग स्कर्टच्या खालच्या कडेला एक गडद निळा पट्टा उघडा पडायचा. वरचं कापड वर्षभर उन्हात, धुण्यात विटलेलं, आणि हा पट्टा अजून ताग्यातून काढल्यासारखा. दुसऱ्या वेळी सोडलं की दोन पट्टे. झाडाच्या खोडावरून त्याचं वय सांगतात म्हणे. मला स्कर्टच्या काठावरून घरातली परिस्थिती सांगता यायची.

म्हणून शाळेत हेडसर दरवर्षी बोलायचे ते मला कधी पूर्ण पटलं नाही. गणवेशात रावाचं पोर आणि रंकाचं पोर सारखंच दिसतं, असं ते म्हणत. चांगले होते सर. पण मापाची वही माझ्याकडे होती. मफतलालचं कापड कुणी आणलं आणि पेठेतलं सुट्या मीटरचं कुणी, कुणाचे दोन जोड आणि कुणाचा एकच, कुणी शिलाई रोख दिली आणि कुणाच्या नावापुढे अण्णांनी बारीक अक्षरात ‘ज्वारी आल्यावर’ लिहिलं, हे मी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहून आठवू शके. पांढऱ्या शर्टाची कॉलर तर फारच चहाडखोर. ज्याच्या घरी पाणी आणि नीळ दोन्ही आहे त्याची कॉलर वेगळी, ज्याच्या घरी आई टँकरच्या दोन घागरींत सगळ्यांचं धुणं उरकते त्याची वेगळी. बोअरच्या जड पाण्याने पांढऱ्याचं आधी पिवळट आणि मग राखाडी होत जातं. पांढरा रंग कुणी ठरवला असेल देव जाणे, पण त्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार.

हे सगळं खरं असलं तरी बाकीची मुलं काही शिंप्याची मुलगी नव्हती. त्यांना दुमडीचे पट्टे वाचता येत नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची आई डाळमिलमध्ये तूर निवडायला जायची. मैत्रिणीकडे गणवेशाशिवाय दुसरे धड कपडेच नव्हते. लग्नालाही ती गणवेशातच आलेली मी पाहिली आहे, निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज आणि केसांत अबोलीचा गजरा. एकच जोड असल्यामुळे तो रोज रात्री धुतला जाई. पावसाळ्यात चुलीवरच्या दोरीला वाळत घालत, तरी सकाळी शिवणी ओल्याच असत. पहिल्या तासाला तिच्या अंगाला धुराचा आणि दमट कापडाचा वास येई आणि मधल्या सुट्टीपर्यंत तो जाई. पण वर्गात पन्नास मुलींमध्ये ती पन्नासातली एक होती. गॅदरिंगच्या दिवशी मात्र रंगीत कपड्यांची मुभा असायची, आणि त्या दिवशी ती हमखास आजारी पडायची. मला तेव्हा योगायोग वाटे.

रंगीत कपड्यांचा दुसरा दिवस वाढदिवसाचा. ज्याचा वाढदिवस त्याने नवा ड्रेस घालून यायचं आणि रावळगावच्या गोळ्या वाटायच्या. इथे मात्र आमच्या गुरुजींनी नकळत एक मोठं काम करून ठेवलं होतं. पोराला पहिलीत घालताना बापाला जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी बिनदिक्कत १ जून लिहीत. आमच्या पिढीत महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची पलटण आहे ती त्यामुळेच. १ जूनला शाळेला सुट्टी असते. म्हणजे ज्यांच्या घरी नवा ड्रेस येण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांचा वाढदिवस शाळेत कधी उजाडायचाच नाही. माझी मैत्रीणही १ जूनचीच.

मुलींचा गणवेश हे एक वेगळंच प्रकरण. सातवीपर्यंत अण्णा मुलींचं माप घ्यायचे. आठवीत सलवार-कमीज आली की टेप आईच्या हातात जायचा. पडद्यामागून आई आकडे सांगायची, मी लिहायचे, अण्णा तोवर रस्त्याकडे बघत बिडी ओढायचे. ओढणीचा ‘व्ही’ करून दोन्ही खांद्यांवर पिना मारायच्या, पिना चुकल्या तर बाईंचं बोलणं खायचं. सलवार पांढरी. ज्या वयात मुलीला सर्वांत जास्त भीती डागाची असते, नेमकं त्या वयात तिला पांढरं नेसवायचं, हा शोध कुठल्या समितीचा असेल? आम्ही एकमेकींच्या मागून चालायचो. ‘बघ गं जरा’ एवढंच म्हणायचं, दुसरीने नुसती मान हलवायची. दप्तर पाठीवर न घेता खाली कंबरेवर लोंबतं सोडायची युक्ती प्रत्येक वर्गात कुणीतरी नव्याने शोधून काढायचं. हे अण्णांना सांगायचं धाडस मी केलं नाही, आईला सांगितलं. पुढच्या वर्षी अण्णांनी हेडसरांना भेटून ‘पांढरं कापड महाग पडतंय’ असं सांगितलं. सलवार निळी झाली. खरं कारण सरांना आजही ठाऊक नसेल.

खो-खोचीही गोष्ट तशीच. स्कर्टमध्ये खुंटावरून झोकून द्यायचं म्हणजे एक हात कायम मागे. अण्णांनी मला डिव्हायडर शिवून दिला. उभं राहिलं की चुण्यांचा स्कर्ट, पळायला लागलं की पँट. बाईंनी दोन वेळा मला थांबवून नीट पाहिलं, नियमात बसतंय की नाही ते त्यांना ठरवता येईना, आणि तोवर अर्धा संघ अण्णांकडे माप देऊन गेला होता. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या सरकारी शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या मुलामुलींना सारखाच शर्ट आणि पँट आली. त्यावर विरोध झाला, चर्चा झडल्या. ती बातमी वाचताना मला आमचा तो डिव्हायडर आठवला. पळता येतं की नाही, हा साधा प्रश्न मुलींच्या कपड्यांबाबत इतक्या उशिरा का विचारला जातो कोण जाणे.

आता जरा उलट बाजू. त्याच गणवेशाने आम्हाला बाजारपेठेतून चालायचा परवाना दिला होता. रंगीत कपड्यांत एकटी मुलगी एसटी स्टँडवर उभी राहिली तर चार जण विचारत, कुणाची गं तू, कुठं निघालीस. गणवेशात असलं की कुणी काही विचारत नसे. पोर शाळेला चाललीय किंवा शाळेतून आलीय, विषय संपला. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना पुढे अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळू लागला, आणि कंडक्टर पासाच्या आधी गणवेशाकडे बघायचा. अर्थात हाच परवाना मुलांना नडायचा. मॅटिनीला खाकी चड्डीत बसलेलं पोरगं इंटरव्हलमध्येच ओळखू यायचं, आणि सिनेमा सुटायच्या आत बातमी वर्गशिक्षकांपर्यंत गेलेली असायची.

आणि एक आठवण, जी गेल्या काही वर्षांत मला फार वेळा आठवते. आमच्या शाळेत मुसलमान गल्लीतल्या पाच-सहा मुली डोक्याला पांढरा स्कार्फ बांधायच्या. तो अण्णांच्याच दुकानातून जायचा. सलवारीचं कापड कापल्यावर पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, जो तुकडा उरायचा, त्याला चारी बाजूंनी टीप मारून अण्णा गणवेशाच्या गठ्ठ्यात घडी करून ठेवायचे. त्याचे पैसे घेत नसत, कारण कापड त्या मुलींचंच होतं. शाळेत त्यावर कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. २०२२ मध्ये हिजाब घालून वर्गात बसू न दिलेल्या उडुपीच्या मुलींवरून कर्नाटकात रान पेटलं. १५ मार्चला उच्च न्यायालयाने सरकारचा गणवेशाचा आदेश उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं एकमेकांविरुद्ध पडली. टीव्हीवर ते चालू असताना अण्णा मला म्हणाले, ‘एवढा तुकडा तर पन्ह्यातच निघतो की गं.’ यावर घटनेच्या दृष्टीने बोलण्यासारखं पुष्कळ आहे हे मला मान्य आहे, पण शिंप्याच्या दृष्टीने त्यांनी संपवलं होतं.

मी शिकायला पुण्याला आले आणि वही धाकट्या भावाकडे गेली. दुकानाचा पुढचा काळ म्हणजे सरकारी गणवेशाचा काळ. सर्व शिक्षा अभियानातून झेडपीच्या शाळांना मोफत गणवेश मिळू लागले. पहिली ते आठवीच्या सगळ्या मुली, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमातींचे आणि दारिद्र्यरेषेखालचे. योजना चांगलीच. पण एकाच बाकावर एका मुलाला गणवेश मिळायचा आणि शेजारच्याला नाही, आणि तो का नाही हे यादी वाचताना सगळ्या वर्गाला कळायचं. ज्या कपड्याने जात आणि पैसा झाकायचा, तो वाटतानाच दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायचे. उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं राज्याने ठरवलं ते २०२३ मध्ये.

काम शाळा व्यवस्थापन समितीकडून यायचं. अण्णा टेप आणि वही घेऊन एसटीने खेड्यांत जायचे. शाळेच्या व्हरांड्यात पोरं रांगेने उभी राहायची, आणि अण्णा पुन्हा पोटात बोट खुपसत आकडे सांगायचे. दोन गणवेशांना मिळून ४०० रुपये मिळत, कापड-शिलाईसकट. पैसे कधीकधी दिवाळीनंतर येत. तरी ते जायचे, कारण जूनमध्ये दुकानात बसून राहणं त्यांना सहन होत नसे. २०१७ मध्ये हे ४०० रुपये थेट विद्यार्थ्याच्या आणि आईच्या जोडखात्यावर द्यायचं ठरलं. चारशे रुपये घेण्यासाठी आधी खातं उघडायचं, त्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालायच्या. त्या वर्षी अण्णांच्या व्हरांड्यातल्या रांगा बंद झाल्या. पुढच्या वर्षी रक्कम ६०० झाली आणि काम समित्यांकडे परत आलं.

मग ‘एक राज्य, एक गणवेश’. २०२४ च्या जूनपासून राज्यभर आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, मुलींना त्याच रंगात. कापड वरून खरेदी करायचं, महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांनी ते शिवायचं. बायकांना काम मिळावं ही कल्पना वाईट नव्हती. सोलापूर बार्शीहून सत्तर किलोमीटरवर. गिरण्या बंद पडल्यावर तिथे गणवेशाचा धंदा केवढा तरी वाढला, त्यातल्या टिपा घालणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ, आणि त्यांना शिवण येत नाही असं अण्णाही म्हणणार नाहीत. पण इथे माप कुणी घेतलं? वयावरून आणि इयत्तेवरून साइज ठरली. आणि तिसरीतली पोरं म्हणजे तर निसर्गाचा सगळा गोंधळ एका वर्गात. कुणाला शर्ट गुडघ्यापर्यंत, कुणाला बटणच लागेना. १५ ऑगस्टचं झेंडावंदन राज्यातल्या कितीतरी शाळांत जुन्याच कपड्यांत झालं. त्या डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून कापड-शिलाईचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

रंग एक करण्याबद्दलही मला अडचण आहे. शाळेच्या भिंतीच्या आत गणवेश सगळ्यांना एका रंगात आणतो, पण भिंतीच्या बाहेर तोच पोरांची वर्गवारी करतो. रस्त्यावरून चालणारं पोर लांबूनच सांगतं, चौकड्यांचा शर्ट म्हणजे इंग्रजी मीडियम, बिल्ल्याचा बेल्ट म्हणजे नव्याने निघालेली ती अकॅडमी, आणि आकाशी-निळा म्हणजे सरकारी. पूर्वी प्रत्येक गावच्या झेडपी शाळेचा रंग निदान वेगळा तरी असायचा. अख्ख्या राज्याला एकच रंग दिला की सरकारी शाळेतलं पोर चांद्यापासून बांद्यापर्यंत ओळखू येणार. ते समानतेसाठी होतं, असं म्हणतात.

माझी लेक पुण्यात ज्या शाळेत जाते तिथे तीन गणवेश आहेत. रोजचा, पीटीचा आणि हाउसच्या रंगाचा टी-शर्ट. टाय आहे, तिला मागे इलॅस्टिक आहे आणि ते ताणून सोडणं हा मुलांचा मुख्य खेळ आहे. थंडीत ब्लेझर. कपडे एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यायचे, दुसऱ्या दुकानात तो चौकडा मिळतच नाही. तिच्या वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेली मुलंही आहेत. त्यांची फी माफ आहे, पण ब्लेझर त्यांनाही याच दुकानातून घ्यावा लागतो. एका आईने मला विचारलं होतं, तुमच्या मुलीचा गेल्या वर्षीचा आहे का हो. मी दिला. लेकीला म्हटलं, वर्गात कुठे बोलू नकोस. ‘त्यात काय बोलायचं,’ ती म्हणाली, आणि मला माझ्या वहीची लाज वाटली.

सकाळी मात्र मी गणवेशाचे आभार मानते. काय घालू हा प्रश्नच येत नाही. शनिवारी एखादा ‘कलर डे’ असला की शुक्रवारी रात्रीपासून घरात कपाट उपसलं जातं, व्हॉट्सॲपवर मैत्रिणींचे फोटो येतात-जातात, आणि एक दिवस जरी असं चाललं तरी मला पुरे होतं. आठवड्याचे सहाही दिवस असे असते तर माझ्या त्या डाळमिलवाल्या मैत्रिणीचं काय झालं असतं, ते मला सांगता येतं. ती सातवीतच गळाली असती. आता ती तालुक्याच्या गावी नर्स आहे, पुन्हा गणवेशातच. परवा फोनवर म्हणाली, ‘साड्या घेतल्यात गं भरपूर, पण घालायला वेळ कुठंय.’

गेल्या दिवाळीत आम्ही बार्शीला गेलो. दुकान भावाने मोबाईलच्या दुकानाला भाड्याने दिलंय. अण्णांचं मशीन घरात खिडकीपाशी आहे. लेक या वर्षी अचानक वाढली आणि तिचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. शाळेकडून सूचनाही आली होती. नवा घ्यायचा तर सहामाहीला परत तेवढेच पैसे. मी म्हटलं, अण्णा, जरा दुमड सोडून द्या.

त्यांनी स्कर्ट हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. कड बोटांत धरून पाहिली, मग दुसरी बाजू पाहिली.

‘आत काहीच सोडलेलं नाही गं यांनी,’ ते म्हणाले.

अर्ध्या सेंटिमीटरवर इंटरलॉक मारून काम संपवलं होतं. त्यांनी स्कर्ट मांडीवर ठेवला, नातीला समोर उभं केलं आणि गळ्यातला टेप काढला. ‘श्वास घे,’ म्हणाले. तिने छाती फुगवली. त्यांनी पोटात बोट खुपसलं, ती किंचाळून हसली. मी सवयीने वहीसाठी हात पुढे केला, तर हाताशी फक्त मोबाईल होता. त्यात लिहून घेतलं.

मग माळ्यावरून कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं खाली आलं. पंचवीस-तीस वर्षांच्या जूनमधले उरलेले निळे, प्रत्येक शाळेचा वेगळा. अण्णा एकेक तुकडा स्कर्टच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात धरत होते, मान हलवत होते, बाजूला ठेवत होते.